वांदरांसाठी एक तास

रविवारी सकाळी अश्वजित रोटरडॅमच्या तयारीला लागला होता आणि त्याचे वडील हिरालाल वांदरांच्या. दोघांचंही काम त्याच दिवशी व्हायला हवं होतं आणि घरात कॉम्प्युटर एकच होता.

अश्वजित अड्याळच्या पोस्टात बाबू. दिवसभर पासबुकं, रजिस्टर पत्रं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे. पण नागपूरला कॉलेजात असताना एका भंगारवाल्याकडे त्याला जुन्या इंग्रजी गाण्यांच्या तबकड्यांचं खोकं सापडलं होतं आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या वयात इतर पोरं दुसऱ्या कशाकशाच्या मागे लागतात. हा डिस्को, बूगी आणि इलेक्ट्रो-फंक असल्या नाचाच्या गाण्यांच्या मागे लागला. त्यातही सगळ्यांनी ऐकलेली गाणी त्याला नको असत. कुठल्याशा बेटावरच्या कुठल्याशा बँडने त्याच्या जन्माआधी एकदाच काढलेली, कोणी विकत न घेतलेली आणि खुद्द बँडवालेही विसरून गेलेले, असली गाणी तो हुडकून काढायचा. मग एकातून दुसरं अशी अलगद गुंफायचा की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. तासाभराची अशी माळ झाली की ती इंटरनेटवरून आपल्यासारख्याच तऱ्हेवाईक लोकांना पाठवायची. याला मिक्स म्हणतात. त्याची बायको रत्नमाला याला नुसतं 'तुमचं ते' म्हणत असे.

या तऱ्हेवाईक लोकांचं एक मंडळ रोटरडॅमला होतं. हेंड्रिक नावाचे एक म्हातारे गृहस्थ त्याचे अध्यक्ष. सभासद मोजकेच, पण जगभर पसरलेले: एक ओसाकाचा, एक ग्लासगोचा, एक ब्राझीलची बाई, असे. प्रत्येकाने महिन्याला एक मिक्स इतरांना पाठवायचा. त्यात दुसऱ्या कोणापाशी असलेलं गाणं चालत नाही आणि गाण्यावर कोणी बोललेलं तर मुळीच चालत नाही. नवा सभासद घ्यायचा तर वर्षातून एकदा. उमेदवाराने एक तास पाठवायचा, सगळ्यांनी तो ऐकायचा, आणि एकानेही नाक मुरडलं की उमेदवार बाद.

गेल्या वर्षी अश्वजित बाद झाला होता, कारण त्याच्या एका तासातली एक तबकडी ओसाकावाल्याच्या कपाटात निघाली. त्याला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मग त्याने वर्षभर खपून नवा तास बांधला. बढतीच्या परीक्षेसाठी एवढी मेहनत केली असती तर हे आज भंडाऱ्याला मोठ्या खुर्चीत असते, असं रत्नमालाचं मत होतं, आणि ते तिने लपवून ठेवलेलं नव्हतं. यंदाची मुदत त्या रविवारी संध्याकाळी संपत होती.

हिरालालांचा प्रश्न साधा होता. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं वावर. त्यात यंदा वांगी आणि वालाच्या शेंगा होत्या, आणि टेकडीवर वांदरं होती. आजकाल त्या शिवारात प्रत्येक वावरात एका खांबावर भोंगा बांधलेला असतो. त्यात बोटाच्या नखाएवढं कार्ड घालायचं, कार्डात ओरडणं भरलेलं असतं, आणि बॅटरी असेपर्यंत भोंगा एकटाच राखण करतो. हिरालालांच्या भोंग्याबरोबर दुकानदाराने तयार आवाज भरून दिला होता. कोणी परका माणूस हिंदीत 'भागो, भागो' म्हणत असे. पहिले काही दिवस वांदरं पळाली. मग ती भोंग्याच्याच खांबावर बसून शेंगा सोलू लागली.

"ज्यानं गोटा मारला त्याचाच आवाज वांदराले समजते," हिरालालांनी मुलाला सांगितलं. "परक्याचं कोन आयकते? माया आवाज भरून दे."

"बाबा, आज नाई जमत. मले हे संध्याकाळच्या आत पाठवा लागते."

"तुये ते लोक पळून चालले का? अथी वांदर शेंगा खाऊन राहिले. दोन रोजानं येजा, म्हनू का त्यायले?"

अश्वजितने हेडफोन काढले आणि माइक वडिलांच्या पुढे ठेवला.

हिरालाल माइकसमोर ताठ बसले आणि त्यांनी घसा खाकरला. काही केल्या शब्द फुटेना. समोर कोणी असल्याशिवाय ओरडता येत नाही, अशी अडचण त्यांनी सांगितली. मग अश्वजितला वांदरांच्या जागी स्टुलावर बसवण्यात आलं, आणि हिरालालांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो थांबेचना.

"हाट! ऊठ तिथून. लाज वाटते का? आयतं बसून खाते. बापानं राबावं अना यानं बसावं. ऊठ!"

स्वयंपाकघरात रत्नमालाचं भाकरी थापणं थांबलं होतं. मामाजी, म्हणजे तिचे सासरे, नेमके कोणाला बोलताहेत हे तिला कळलं नाही, पण जे बोलताहेत ते कोणीतरी कधीतरी बोलायलाच हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

थोडं पाणी पिऊन हिरालाल पुन्हा बसले. वांदराला नुसतं हाकलून भागत नाही, त्याला जायला जागाही दाखवावी लागते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी आवाज जरा खाली आणून समजुतीच्या सुरात शेजारच्या वावराचा पत्ता दिला. "अथी काय ठेवलं हाये? तिकडे कृष्णरावच्या वावरात जाय. तिथल्या शेंगा कवळ्या हायेत. राखन नाई. मालक झोपला हाये."

हिरालालांची आणखी एक अट होती. सारखं ओरडलं की जनावराला सवय होते, म्हणून ओरडणं तासाभरात वेळीअवेळी पसरलेलं हवं. आणि सुरुवातीला बराच वेळ काहीच नको. वांदरं टेकडीवरून पाहत असतात. मालक गेला की खाली उतरतात, शेंगेला हात घालतात, आणि त्या वेळी बोंब आली पाहिजे. आधी आली तर फुकट गेली.

अश्वजितने वेळ वाचवण्यासाठी एक युक्ती केली. कॉम्प्युटरवर त्याच्या मिक्सची गाणी एका पट्टीवर ओळीने मांडलेली होती. नवं काही उघडत न बसता त्याने त्याच्याच खाली दुसरी पट्टी घेतली आणि तीवर वडिलांचं ओरडणं तासभर पसरून टाकलं. आता गाण्यांची पट्टी बंद करून तास काढला की तो वांदरांसाठी, आणि ओरडण्याची पट्टी बंद करून काढला की तो रोटरडॅमसाठी. युक्तीत काही खोट नव्हती. फक्त दोन्ही वेळा एकेक पट्टी आठवणीने बंद करायची होती.

पहिल्या वेळी हिरालाल हात पसरून कार्डासाठी मागे उभे होते आणि रत्नमाला, भाकऱ्या थंड होताहेत, म्हणून हाका मारत होती. अश्वजितने घाईघाईने तास काढला आणि कार्डात भरून दिला. तो तपासून पाहण्यात अर्थ नव्हता, कारण सुरुवातीला शांतताच असणार होती. दुसऱ्या वेळी लाइट गेली, इन्व्हर्टर टुकटुक करू लागला, आणि त्या आवाजाने त्याचा जीव अर्धा झाला. तरी मिक्स न ऐकता पाठवेल असा तो माणूस नव्हता. पहिली दोन गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. सांधा लोण्यासारखा आला होता. हिरालालांच्या अटीप्रमाणे पहिली बोंब तिसऱ्या गाण्यात होती.

मिक्स रोटरडॅमला गेला. त्या दुपारी अश्वजितला अशी गाढ झोप लागली की लाइट आलेलीही त्याला कळली नाही.

सोमवारी सकाळी हिरालालांनी वावरात जाऊन कार्ड भोंग्यात घातलं, बटण दाबलं आणि ते घराकडे निघाले. वावराचा बांध, म्हणजे धुरा, ओलांडतात तोच मागून बाजा वाजू लागला. ते थांबले. भोंग्यातून ढोलासारखं काहीतरी धपधपत होतं आणि त्यावर कोणी बाई लाडेलाडे गात होती. पहिल्यांदा त्यांना पोराचा राग आला. मग त्यांनी विचार केला, आणि विचार करता करता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. वांदरांना गाफील करायचं, गाण्यात गुंतवायचं, आणि मग बोंब मारायची. पोस्टात शिक्के मारणाऱ्या आपल्या पोराला असलं काही सुचेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. पोरगा जन्मल्यापासून इतकं समाधान त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. ते घरी येऊन रत्नमालाला म्हणाले, "पोरगं डोक्याचं हाये. आपनच वळखलं नाई."

शेजारच्या वावरात कृष्णरावांकडे शेंगांची तोडणी चालली होती. कृष्णराव म्हणजे हिरालालांचे लहानपणापासूनचे सोबती. रोज संध्याकाळी हिरालालांच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. तोडणीला देवकाबाई आणि तिच्या बाया होत्या. त्या दिवसांत बाई कामाला मिळणं आणि लग्नाला पोरगी मिळणं सारखंच अवघड झालेलं, त्यामुळे देवकाबाईचा शिवारात मोठा मान. तर या बायांनी बाजा ऐकला आणि त्यांचे हात भराभर चालू लागले. बिगर बाज्याचा भोंगा शिवारात कोणी ऐकत नाही. पावलापावलावर कोणी ना कोणी ओरडतच असतो. पण हा बाजा नवा होता, म्हणून बाया कान देऊन ऐकत होत्या, आणि तिसऱ्या गाण्यापासून पुढचं सगळं त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं. कृष्णरावांच्या शेंगा कोवळ्या आहेत, हे त्यांना मान्य होतं. मालक झोपला आहे हे ऐकून सगळ्यांनी एकदमच बोरीच्या झाडाखाली पाहिलं.

कृष्णराव डोळ्यांवर दुपट्टा घेऊन पडलेले होते.

हसणं थांबतं न थांबतं तोच हिरालालांच्या वावरातून वांदरांचा कळप धुरा ओलांडून आला आणि थेट कृष्णरावांच्या शेंगांत शिरला. तसा तो कुठेतरी जाणारच होता, आणि तेच वावर सगळ्यांत जवळ होतं. पण भोंग्याने पत्ता सांगावा आणि वांदरांनी तो मुकाट्याने पाळावा, हे बायांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

कृष्णराव पोस्टात आले तेव्हा खिडकीपुढे रांग होती. ते भयंकर संतापलेले होते, पण शिस्तीचे असल्यामुळे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर येईपर्यंत रांगेतल्या सगळ्यांना प्रकरण समजलं होतं. ज्यांची कामं आटोपली होती तेही बाकावर बसून राहिले.

"बोला काका," अश्वजित म्हणाला. "पासबुक आनलं का?"

"पासबुक नाई आनलं. मी झोपलो होतो का?"

"कवा?"

"तेच पुसून राहिलो. तुया बाप भोंग्यातून साऱ्या शिवाराले सांगून राहिला, का मालक झोपला हाये. मी झोपलो नवतो. आडवा झालो होतो."

अश्वजितने त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला. वांदरं हाकलताना सगळेच शेजाऱ्याचं नाव घेतात. कृष्णरावांनी स्वतः आपल्या भोंग्यात काय भरलं आहे ते त्यालाही ऐकून माहीत होतं. इतकी वर्षं कोणी मनावर घेतलं नाही, मग आजच का, असं त्याने विचारलं.

"बिगर बाज्याचं कोन आयकते?" कृष्णराव म्हणाले. "तू बाजा लावला म्हनून लोकायनं आयकलं. देवकाबाईनं आयकलं. वांदरायनं आयकलं."

"कोनता बाजा?"

"तुयाच. घरात धडधडत राहते तो."

अश्वजितने शिक्का खाली ठेवला. भोंग्यात बाजा गेला म्हणजे गाण्यांची पट्टी बंद करायची राहिली. यात हसण्यासारखंच होतं, आणि तो हसायला लागलाही होता. पण पुढच्याच क्षणी त्याला दुसरी पट्टी आठवली. ती बंद केल्याचं त्याला काही केल्या आठवेना. कृष्णराव अजून बोलतच होते, पण त्याला ऐकू येत नव्हतं. तब्येत बरी नाही, असं सांगून त्याने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. तोंडाकडे पाहून साहेबांनी ती लगेच दिली.

घरी येऊन त्याने पाठवलेला मिक्स तिसऱ्या गाण्यापासून ऐकला. ही त्या तासातली त्याची सगळ्यांत लाडकी तबकडी होती. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात, श्वासभर काहीच वाजत नाही, आणि मग खालचा दणदणीत सूर परत येतो. त्या श्वासभराच्या शांततेत हिरालाल म्हणाले, "हाट! ऊठ तिथून. लाज वाटते का?" आणि सूर परत आला. खरं सांगायचं तर ते ऐकायला वाईट वाटत नव्हतं. पण हे कबूल करायच्या मनःस्थितीत अश्वजित नव्हता. पुढे तासभर हिरालाल असेच उगवत राहिले. कृष्णरावांच्या कोवळ्या शेंगा तर त्याने वर्षभर जिच्यासाठी पत्रव्यवहार केला होता त्या तबकडीवर येऊन पडल्या होत्या.

त्याने हेंड्रिकना कळवलं: चूक झाली, तो मिक्स ऐकू नये, नवा लगेच पाठवतो. उत्तर तासाभरात आलं. मिक्स सभासदांना कालच गेला आहे, ऐकणं सुरू झालं आहे, उमेदवाराला एकच संधी असते, आणि मंडळाने आजवर कोणासाठी नियम मोडलेला नाही, असं हेंड्रिकनी अगदी सभ्यपणे लिहिलं होतं.

अश्वजित भिंतीला टेकून बसून राहिला. एक वर्ष पाण्यात गेलं होतं. गेल्या वर्षी निदान एका तबकडीने बाद झालो, यंदा बापाच्या बोंबांनी, असं तो रत्नमालाला म्हणाला. एरवी तिने 'तुमचं ते' म्हणून विषय संपवला असता. त्या दिवशी ती शेजारी बसली आणि तो तास तिने पहिल्यांदाच सबंध ऐकला. शेवटी म्हणाली, "गाणे चांगले हायेत तुमचे. मामाजी भी चांगले हायेत." त्याला ते सांत्वन पुरलं नाही, पण तो जेवला.

घरचं झालं थोडं, तर संध्याकाळी कृष्णराव आले आणि चहा नको म्हणाले. इतक्या वर्षांत असं कधी घडलेलं नव्हतं. रत्नमालाने कप पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवून घेतलं. त्यांचं दुःख आता दुहेरी झालं होतं. वांदरं तिकडून इकडे आली होती आणि देवकाबाई इकडून तिकडे चालली होती. उद्यापासून आम्ही बाज्याच्या वावरात तोडणीला जाऊ, असं तिने सांगून टाकलं होतं.

"वांदराले मराठी समजते हे मले का माहीत?" हिरालाल म्हणाले.

"तू बाजा बंद कर."

हिरालाल त्याला तयार नव्हते. दिवसभरात एक शेंग गेली नव्हती, आणि पोराने आयुष्यात पहिल्यांदा वावरासाठी काही केलं होतं. ते बंद करायचं म्हणजे पोराचा हिरमोड. पोराचा किती हिरमोड झाला आहे आणि कशाने, याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि इतक्या खुशीत असलेल्या बापाला तो सांगायची अश्वजितची छाती झाली नाही. दोघं म्हातारे ओट्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. चहावर साय धरली.

शेवटी अश्वजितनेच विचारलं, "काका, तुमच्याही भोंग्यात बाजा भरून देऊ का?"

कृष्णरावांनी तोंड इकडे वळवलं. मग म्हणाले, "आवाज माया राहीन ना?"

माइक पुन्हा बाहेर आला. कृष्णरावांनाही समोर कोणी असल्याशिवाय ओरडता येईना. तेव्हा हिरालाल आपण होऊन स्टुलावर जाऊन बसले. पहिल्यांदा कृष्णराव फार भिडस्तपणे ओरडले. हिरालालांना ते पटलं नाही. "मनातून बोल ना," ते म्हणाले. "असं बोलशीन त वांदर तुले बसाले जागा देईन." मग मात्र कृष्णराव मनातून बोलले. दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस, असं त्यांनी विचारलं. तिकडे हिरालालच्या वावरात जाय, तिथला मालक लय शहाना हाये, असंही सांगितलं. लहानपणापासूनचं जे जे साचलं होतं ते सगळं निघालं, आणि हिरालाल जाणत्या माणसासारखी मान डोलवत ऐकत राहिले. ओरडून झाल्यावर कृष्णरावांनी गार चहा एका घोटात पिऊन टाकला आणि दुसरा मागितला.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वावरांत बाजा सुरू झाला. देवकाबाईने एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे असा न्याय केला. वांदरांना दोन्हीकडून एकमेकांच्या वावरात जायला सांगण्यात येऊ लागल्यावर ती दोन दिवस धुऱ्यावर बसून राहिली आणि मग कंटाळून पलीकडच्या तिसऱ्याच वावरात गेली. तिथले मालक भंडाऱ्याला राहत असल्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं.

गावात सगळं सुरळीत झालं, पण अश्वजितचा जीव रोटरडॅमला टांगलेला होता. बाद झाल्याचं पत्र येईल आणि तेवढ्यावर हे संपेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. आठवडा सरत आला तेव्हा पत्र आलं. ते वाचून तो चक्रावला. मंडळात भांडण लागलं होतं.

तिसऱ्या गाण्यापासून मधून मधून जो म्हातारा गातो, तो कोणत्या तबकडीतला, यावरून हे भांडण होतं. ओसाकावाल्याचं म्हणणं, ही त्रिनिदादची तबकडी, फार थोड्या निघाल्या होत्या. ग्लासगोवाल्याने शपथेवर सांगितलं होतं की ही आपल्यापाशी होती आणि घर बदलताना हरवली. ब्राझीलच्या बाईने दोघांनाही खोटारडे म्हटलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मंडळापुढे असा आवाज आला होता जो एकाही सभासदाला ओळखता आला नाही. स्वतः हेंड्रिकनी लिहिलं होतं की मला तो चांगलाच माहीत आहे, पण नाव तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल.

अश्वजितच्या हाती आयतं सभासदत्व आलं होतं. एखाद्या बेटाचं नाव घ्यायचं, एखाद्या बुडालेल्या कंपनीचं नाव घ्यायचं, काम फत्ते. त्याने तसं अर्धं पत्र लिहिलंही. मग ते रत्नमालाला वाचून दाखवलं.

"उद्या त्यायनं तबकडी मांगली त काय धाडान?" तिने विचारलं. "मामाजीले?"

त्याने ते पत्र पुसलं आणि खरं काय ते लिहिलं. हा आवाज माझे वडील हिरालाल यांचा, ते वावरातून वांदरं हाकलत आहेत, ही तबकडी नाही आणि जगात तिची दुसरी प्रत निघणं शक्य नाही. मिक्समध्ये तो माझ्या वेंधळेपणामुळे आला. गाण्यावर बोलू नये हा नियम माझ्याकडून मोडला, तरी मला बाद करावं. पत्र पाठवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. त्या रात्री तो शांत झोपला.

निकाल लागायला वेळ लागला. एका रविवारी हिरालाल विहारातून आले आणि ओट्यावर कृष्णरावांबरोबर चहा घेत बसले होते. तेवढ्यात अश्वजित हातात मोबाईल घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा हसरा की रडका ते कोणालाच ठरवता येईना.

"काय झालं?" हिरालालांनी विचारलं.

मग त्याला सगळंच पहिल्यापासून सांगावं लागलं: मंडळ, वर्षभराची मेहनत, दोन पट्ट्या, आणि बाजा भोंग्यात चुकून गेला तो. तो चुकून गेला हे ऐकून हिरालालांचा चेहरा जरासा पडला. पण अश्वजितने शेवटचं पत्र मराठी करून वाचलं. मंडळाने एकमताने सभासद घेतला होता. गाण्यावर बोलायला मनाई होती, ओरडायला नव्हती, असा निवाडा हेंड्रिकनी दिला होता. आणि ज्याच्यासारखा आवाज जगात दुसऱ्या कोणापाशी नाही, असा सभासद मंडळाला पहिल्यांदाच मिळत होता. सभासदाचं नाव श्री. हिरालाल, मुक्काम अड्याळ. उमेदवार अश्वजित यांच्याबद्दल खाली एक ओळ होती: यंदा ओसाकाच्या कपाटात दोन तबकड्या निघाल्या, तरी पुढल्या वर्षी त्यांनी अवश्य प्रयत्न करावा.

कृष्णरावांना हसू आवरेना. हिरालाल मात्र गंभीर झाले होते. त्यांनी कप बाजूला ठेवला.

"मंग मले काय करा लागन?"

"दर महिन्याले एक तास धाडा लागते बाबा. चुकलं का सभासदत्व गेलं."

हिरालालांनी विचार केला. या वयात तासभर बोंबलणं होत नाही, हे त्यांना दिसत होतं. दोन बोंबांच्या मध्ये बरीच जागा रिकामी राहते, आणि नुसती रिकामी जागा परदेशी पाठवणं बरं दिसत नाही. त्यांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मधात तू टाकत जाय तुये गाणे," ते म्हणाले.

अश्वजित हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण खरोखर खूश झालो आहोत. त्याची गाणी दर महिन्याला त्या मंडळात जाणार होती, सगळे कान देऊन ऐकणार होते, आणि कोणी बाद करू शकणार नव्हतं. त्याने लगेच कबूल केलं आणि माइक आणायला तो आत वळला. हिरालालांनी त्याला मागून हाक मारली.

"पन पाहून टाकजो," ते म्हणाले. "त्या ओसाकावाल्यापाशी हायेत तसले नको. तिथं आता माया नाव हाये."